अर्ध्या तिकिटाची माहेरवाशीण

सवलत दिसली की माझ्यातला माणूस बाजूला होतो आणि गिऱ्हाईक पुढं येतं. चादरीवर टॉवेल फुकट मिळतो म्हणून मी सोलापुरातच राहून इतक्या चादरी घेतल्यात, की बायकोनं एक अख्खं कपाट त्यांना देऊन टाकलंय. चपलांच्या एका जोडावर दुसरा फुकट होता, तेव्हा तो दुसरा माझ्या मापाचा नव्हता, तरी आणला. अजून पलंगाखाली आहे. त्यामुळं गेल्या हिवाळ्यात, गड्ड्याची जत्रा उरकून शहर जरा निवांत झालं होतं तेव्हा, मोबाईलवर राजवाड्याची ती जाहिरात आली आणि मी अंथरुणातून ताडकन उठून बसलो.

राजवाडा आमच्याच भागातला, कर्नाटकच्या अंगाला, एका लहानशा जुन्या संस्थानाचा. कित्येक वर्षं बंद होता. आता त्या घराण्यातल्या नव्या पिढीनं डागडुजी करून, वाळून गेलेली बाग पुन्हा उभी करून, तो लोकांना बघायला उघडला होता. तिकीट मात्र राजेशाहीच ठेवलं होतं. बायको आणि मुलगी वर्षभर मागं लागल्या होत्या आणि मी ‘उन्हाळा जाऊ दे’, ‘पाऊस उघडू दे’ करत ढकलत होतो. जाहिरातीत लिहिलं होतं, की येत्या रविवारी पंचाहत्तरी ओलांडलेलं घरातलं माणूस सोबत आणलं तर सगळ्या कुटुंबाला अर्धं तिकीट. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याच्या मनात चांगलंच असणार. म्हातारी माणसं घरात कोंडून पडतात, या निमित्तानं त्यांना कुणी उन्हात बसवेल, फुलं दाखवेल, असं त्याला वाटलं असेल. आमच्यासारखी माणसं त्याला भेटलेली नसावीत.

आमच्या घरात पंचाहत्तरीचं कुणी उरलेलं नव्हतं. आई गेली, वडील गेले. सासरे आहेत, पण ते करमाळ्याला, आणि करमाळा बरोबर उलट्या दिशेला. मी मनातल्या मनात नातेवाईक निवडायला लागलो, भाजीवाल्याकडं वांगी निवडावीत तसा, आणि हात आत्यावर येऊन थांबला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मंगळवेढ्याकडची आमची कोरडवाहू शेती सोडून ती लग्न होऊन सोलापुरात आली. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. आयुष्यभर विड्या वळल्या आणि आता कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहते. आणि कुंभारी राजवाड्याच्या वाटेवरच पडतं. त्या रात्री मला तिचा हाच गुण सगळ्यांत मोठा वाटला, हे आता लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं.

वडील होते तोवर दर दिवाळीला ते स्वतः जाऊन तिला घेऊन यायचे. आमच्याकडं स्कूटर होती तेव्हा स्कूटरवर, त्याआधी सिटी बसनं. ती यायची, आई तिला न्हाऊ घालायची, चार दिवस तिला ताटावरून उठू द्यायचे नाहीत, आणि जाताना वडील नवं लुगडं हातात ठेवून तिला तिच्या घराच्या दारापर्यंत पोचवून यायचे. माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. विधवा झाली म्हणून ओटी भरणं थांबलं, लुगडं कधी थांबलं नाही. वडील गेल्यावर मी पहिल्या दिवाळीला फराळाचा डबा नेऊन दिला. दुसऱ्या वर्षी ओळखीच्या रिक्षावाल्याकडं पाठवला. मग फोन करायला लागलो. तिचं माहेर म्हणजे आता मीच, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मला ऑफिस होतं, मुलीच्या परीक्षा होत्या, आणि ती कधी काही बोलली नाही.

फोन केला. “आत्या, रविवारी सकाळी तयार राहा. राजवाडा बघायला जाऊ. गाडी घेऊन येतो.”

पलीकडं चालू असलेला टीव्ही तिनं बंद केल्याचं ऐकू आलं.

“मला नेनार?” ती म्हणाली.

“हो, तुलाच.”

“अन् सूनबाईला चालतंय न्हवं?”

“तीच म्हणाली, आत्यांना घेऊ या,” मी ठोकून दिलं. बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती आणि तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

“तुजा बा गेल्यापास्नं माहेराचं बोलावनं आलं न्हाय बग मला.” आवाजात तक्रार नव्हती. “येते की. येते म्हंजे काय.”

तिथंच सांगायला हवं होतं. आत्या, अशी अशी सवलत आहे, तू आलीस तर आमचंही काम होतं आणि तुझंही फिरणं होतं. सरळ सांगितलं असतं तर ती हसली असती आणि आलीही असती. पण तिनं ‘माहेर’ म्हटलं आणि मी ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, “सांगितलंत का त्यांना, कशासाठी नेतोय ते?”

“कशाला? त्यांना फिरायला मिळतंय, आपल्याला तिकीट मिळतंय. कुणाचं काय बिघडतंय?”

बायको आत जाऊन भांडी लावायला लागली. ती अशी भांडी लावायला लागली की मला जास्त राग येतो.

रविवारी सकाळी कुंभारीत वळलो तर आत्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी. इरकली लुगडं नेसलेली, घडी मोडून पहिल्यांदाच नेसलंय हे लांबून कळत होतं. ते वडिलांनीच दिलेलं असणार, दुसरं कोण देणार तिला. पायाशी पिशवी, आणि भोवती शेजारच्या चार-पाच बाया, जणू परगावी निघाली होती. त्या वसाहतीत तेलुगू बोलणारी घरं बरीच. एका शेजारणीनं तिला तेलुगूत काहीतरी विचारलं, आत्यानं तेलुगूतच उत्तर दिलं, आणि त्यातला ‘माहेर’ एवढाच शब्द मला कळला. तिनं हातानं माझ्याकडं दाखवलं. सगळ्या बाया माझ्याकडं वळून कौतुकानं बघायला लागल्या, आणि मी गाडीची काच पुसायला घेतली.

“ह्यो माज्या भावाचा ल्योक,” ती मुद्दाम मराठीत म्हणाली. “भाऊ न्हाय ऱ्हायला तर भाचा आला बगा न्यायला.”

पुढच्या सीटवर तिला बसवलं. पिशवी मागं ठेवताना मुलीनं वास घेतला आणि म्हणाली, “आत्याआजी, शेंगापोळ्या?”

“व्हय. तुज्या आज्याला लई आवडायच्या. कडक भाकरी हायत, चटनी हाय, दही हाय. भाएरचं खायाचं न्हाय आज. माज्या हातचं खायाचं.”

वाटभर ती बोलत होती. मंगळवेढ्याच्या शेतात ज्वारीच्या हुरड्याला ती आणि माझे वडील कसे राखणीला बसायचे, वडील गोफण फिरवताना एकदा तिच्याच कपाळावर कसा दगड बसला. खूण दाखवली. मला ही गोष्ट कुणी कधी सांगितली नव्हती. माझे वडील गोफण फिरवत होते हेही मला माहीत नव्हतं. मी ऐकत होतो, हसतही होतो, आणि मधूनच मनात येत होतं, पंचाहत्तरीचा काही पुरावा मागितला तर काय करायचं.

पुरावा कुणी मागितला नाही. राजवाड्याच्या दारात त्या दिवशी जे दृश्य होतं ते बघून मागायची गरजच नव्हती. माझ्यासारखे सगळीकडं होते. प्रत्येक कुटुंबानं आपापलं म्हातारं माणूस पुढं धरलं होतं. माकडटोप्या, स्वेटर, काठ्या. एका आजोबांना खुर्चीसकट उतरवलं होतं आणि ते ‘मला कुटं आनलंय’ म्हणून विचारत होते, आणि त्यांचा मुलगा तिकिटाच्या खिडकीकडं बघून हात हलवत होता, हे बघा, हे आमचे. मला हसू आलं. स्वतःला मी त्यात धरलं नव्हतं.

खिडकीतली मुलगी गोड बोलणारी होती. “आजींना जरा समोर आणा.” आत्या समोर गेली. “आजी, तुमच्यामुळं ह्यांचं सगळ्यांचं अर्ध्यात झालं बघा!”

“माज्यामुळं?” आत्या खूश झाली. माझ्याकडं वळून म्हणाली, “बग, मी कामाची हाय अजून.” तिनं ते कशा अर्थानं घेतलं, मला कळलं नाही. तिला वाटलं असावं, म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून कमी केलं असेल, आलोच होतो तर मिळालं. मी तिकिटं खिशात घातली आणि एकदम हलकं वाटलं. झालं. आता दिवसभर तिला छान फिरवायचं, सगळं दाखवायचं, म्हणजे फिटलं. खरंच तसं ठरवलं होतं मी.

तेवढ्यात मागून आवाज आला, “काय हो, तुम्हीपण?”

आमच्या ऑफिसातले साहेब. सोबत बायको, दोन मुलगे, मेहुणा आणि त्याची बायको, असा लवाजमा. साहेबांच्या आईनं ऐन वेळी यायचं नाकारलं होतं. “तुमचं बरं आहे, आजी आणलीत,” साहेब म्हणाले. “पाच मिनिटं आम्हाला उसनी द्या की.”

मी मोठ्यानं हसलो. साहेब हसत नव्हते. आमच्याकडं बदल्यांचे दिवस जवळ आले होते, आणि या वेळी माझी पाळी आहे असं सगळे म्हणत होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब होतही नाही. माणूस आधी मान हलवतो आणि कारणं मागाहून गोळा करतो, माझं तरी तसंच झालं.

मी आत्याला बाजूला घेतलं. “आत्या, जरा ह्यांच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत जाऊन ये.”

“मी? का बरं?”

“तू असलीस की त्यांचंही तिकीट अर्ध्यात होतं.”

तिनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग हळू विचारलं, “तुजं काम हाय का त्येच्याकडं?”

“हो.”

“मग जाते की,” म्हणाली, आणि काखेतली पिशवी बायकोच्या हातात देऊन साहेबांच्या मागोमाग निघाली. पदर सारखा केला. लुगड्याच्या निऱ्या जमिनीला लागू नयेत म्हणून एका हातानं उचलून धरल्या.

त्या दुसऱ्या खिडकीवर बसलेला माणूस कडक होता. त्यानं साहेबांकडं पाहिलं, त्यांच्या हातातल्या घड्याळाकडं पाहिलं, आत्याच्या पायातल्या रबरी चपलांकडं पाहिलं आणि विचारलं, “आजी, हे कोण तुमचे?”

आत्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. मी कारंज्याकडं पाहायला लागलो. चांगलं कारंजं होतं, दगडी, मधे कमळ.

“माजा ल्योक हाय,” आत्या म्हणाली.

तिला मूल नाही. हे मी वर लिहिलंय, पण तेव्हा ते मला आठवलं नव्हतं असं नाही. लहानपणी मी ऐकलंय, तिच्या सासरची माणसं तिला त्यावरून काय काय बोलायची, आणि वडील कसे एकदा तिथं जाऊन भांडून आले होते. ती बाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझा मुलगा म्हणाली, आणि ते अर्ध्या तिकिटासाठी, आणि अनोळखी माणसाला, आणि मी सांगितलं म्हणून. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं माझा हात सोडला. “पप्पा, हे काय चाललंय?” म्हणाली. “काही नाही, दोन मिनिटांचं काम,” मी म्हणालो.

दोन मिनिटांचं राहिलं नाही. ज्येष्ठांच्या कुटुंबांना वेगळ्या दारानं सोडत होते, आणि आजी ज्यांच्या तिकिटावर, त्यांच्याबरोबरच आत जायला हव्यात म्हणून दारावरचा माणूस अडून बसला. साहेबांनी लांबून हात केला, “आम्ही सांभाळतो हो, आत भेटू!” आत्या त्या घोळक्यात एकटीच बुटकी, नऊवारीतली. दारातून जाताना मागं वळली. गर्दीत आम्ही तिला दिसलो की नाही, माहीत नाही.

“तुम्ही जाऊन घेऊन या त्यांना,” बायको म्हणाली.

“आत भेटतीलच की. साहेबांची माणसं आहेत, रानटी आहेत का?”

आत भेटली नाहीत. दारावर ‘आमच्या आजी पुढं गेल्यात’ सांगून आम्ही चारही तिकिटं फाडून घेतली आणि आधी बागेत गेलो, साहेबांची मंडळी वाड्यात गेली. आणि आता खरं सांगायचं तर बाग फार सुंदर होती. गुलाबांचे ताटवे, जुने चाफे, पाण्याचे लांब पाट, त्यात आभाळ. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला एवढं पाणी आणि एवढं हिरवं एकत्र दिसलं की तो बावळटासारखा नुसता उभा राहतो. मी फोटो काढले. बायकोचा चाफ्याखाली काढला, तीही हसली शेवटी. मधे मधे ती विचारायची, “आत्या?” आणि मी म्हणायचो, “म्हाताऱ्यांना बसायला गाडी आहे आत, फिरत असतील आरामात.” मुलीला भूक लागली. भज्यांचा वास येत होता. बायको म्हणाली, आत्यांनी सांगितलंय बाहेरचं खायचं नाही. मी म्हणालो, त्या जेवल्या असतील आता साहेबांबरोबर, आपण किती वेळ थांबायचं? भजी घेतली. मग डोसा घेतला. चांगला होता. आत्याची पिशवी बायकोनं मांडीवर धरली होती आणि आम्ही तिच्याच वरून हात नेऊन चटणीत भजी बुडवत होतो.

वाड्यात गेलो. झुंबरं, हंड्या, भरलेले वाघ, आरशांचं दालन. दालनाच्या तोंडाशी साहेब भेटले.

“आत्या कुठं?” बायकोनं विचारलं.

“म्हणजे? त्या तुमच्याकडं आल्या नाहीत? आम्ही जिना चढत होतो, त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणाल्या तुम्ही जावा, मी खाली थांबते. ते केव्हाच.”

जिन्याखाली कुणी नव्हतं. तिच्याकडं मोबाईल होता, पण तो त्या पिशवीत, म्हणजे आमच्याकडंच. बागेत पळालो, पाण्याच्या पाटापाशी गेलो, पाण्यात बघायला नको वाटलं तरी बघितलं. आणि लाज वाटते सांगायला, पण घाबरलो होतो त्याच्याइतकाच चिडलोही होतो. तिच्यावर. एका जागी बसता येत नाही का माणसाला? असं मी तोंडानं म्हणालो. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की पुढचं मी गिळलं.

सापडली ती बाहेर. मोठ्या दाराच्या बाहेर, तिकिटाच्या खिडक्यांसमोर, पहारेकऱ्याच्या खुर्चीवर, उन्हात. हात मांडीवर, नजर दारावर. आम्ही दिसल्याबरोबर उठून उभी राहिली.

“लई वेळच्या बसल्यात आजी,” पहारेकरी म्हणाला. “आत गेल्या तशा लगेच माघारी आल्या की. म्हणल्या, माजी माणसं हितं येतील. मी म्हणलं, भाएर आलं की परत आत सोडत न्हाईत, तर म्हणल्या ऱ्हाऊ दे.”

“अगं, मग आत का थांबली नाहीस?” मी विचारलं.

“तुमी जेवायचं थांबला असाल म्हून आले,” आत्या म्हणाली. “म्हनलं, पोरगी उपाशी असंल.”

मुलगी दुसरीकडं बघायला लागली.

“राजवाडा बघितलास का?”

“बगितला की,” पहारेकऱ्यासमोरच ती म्हणाली. “लई मोठा हाय. लई झ्याक.”

तिला परत आत न्यायचं तर नवं तिकीट काढावं लागणार होतं. खिडकी तिथं समोर होती. मी तिकडं पाहिलं आणि एक क्षण, फक्त एकच क्षण, थांबलो. त्या क्षणात माझ्या मनात काय चाललं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आत्यानं माझ्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं आणि म्हणाली, “पाय दुकत्यात माजे. चला, जेवून घिऊ.” आणि मला बरं वाटलं. सगळ्या दिवसात मला माझी सगळ्यांत जास्त किळस येते ती त्या बरं वाटण्याची.

गाडीतळावर कडुलिंबाखाली चादर अंथरली. चादरी माझ्या डिकीत नेहमी असतात. आत्यानं डबे उघडले. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, ठेचा, आणि फडक्यात गुंडाळलेल्या शेंगापोळ्या. पहाटेच्याही आधी उठली असणार. “वाडू का? लई भुका लागल्या असतील,” म्हणाली. आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. डोसा गळ्यापर्यंत आला होता. कुणीच म्हणालं नाही की आम्ही खाल्लंय. मी दोन शेंगापोळ्या खाल्ल्या, तिसरी तिनं आग्रहानं वाढली, तीही खाल्ली. बायको मान खाली घालून भाकरी मोडत राहिली. मुलीनं पोळीचा घास तोंडात घेतला आणि तो कितीतरी वेळ तोंडातच ठेवला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “ठेचा लागला व्हय गं?” आत्यानं विचारलं आणि तिच्यापुढं दही सारलं. आमचं सगळ्यांचं झाल्यावर मग ती स्वतः जेवायला बसली. किती भुकेजली होती ते तिच्या पहिल्या घासावरून कळलं.

परत येताना ती गाडीत झोपली. रस्त्यात एका गावात कापडाची दुकानं लागली. बायको मागून हळू म्हणाली, “थांबवा जरा. आत्यांना एक लुगडं घेऊ.”

“आता? उशीर झालाय. दिवाळीला घेऊ की, चांगलंसं.”

“अहो, माहेरवाशीण म्हणून आल्यात त्या. रिकाम्या हातानं उतरवायचं?”

“त्यांना काय माहीत आपण...” मी म्हणालो आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. आत्याचे डोळे मिटलेले होते. मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर का थांबवली ते मला स्वतःला सांगावं लागलं असतं, म्हणून बहुतेक.

कुंभारीत पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बाया घरांपुढं सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. गाडी बघून दोघी-तिघी उठूनच आल्या. सकाळची ती तेलुगू बोलणारी शेजारीण पुढं होती. “आलं का माहेरवाशीण!” म्हणाली तिच्या मराठीत. “काय घेतलं भाच्यानं?”

सगळ्यांची नजर आत्याच्या हातांकडं गेली. हातात रिकाम्या डब्यांची पिशवी होती. माझी बायको गाडीतून अर्धी उतरली होती, ती तशीच थांबली. मला वाटलं, जमीन दुभंगली तरी चालेल.

“लुगडं घेत व्हता की,” आत्या म्हणाली, अगदी सहज. “दुकानाच्या दारात नेऊन हुबा केला मला. म्हनला घे, पायजे ते घे. मीच नगं म्हनलं. पेटीत हायत तीच नेसून व्हईनात.”

“चांगला हाय भाचा,” शेजारीण म्हणाली, आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या. एकीनं माझ्यासाठी पाणी आणलं. मी ते प्यालो.

“अन् राजवाडा?”

“मग! समदा फिरवला मला. हाताला धरून.”

मला तिथं उभं राहवेना. ऑफिसचं सकाळी लवकर आहे, असलं काहीतरी बोललो, तिच्या पाया पडलो, बायको आणि मुलगीही पडली. मुलगी तिला जरा जास्तच घट्ट बिलगली आणि सोडेना. मी गाडीत बसून चावी फिरवली. तेवढ्यात आत्या माझ्या खिडकीपाशी आली आणि वाकली. मला वाटलं, नीट जा म्हणून सांगेल. तिनं एकदा मागं पाहिलं, बाया लांब आहेत याची खात्री केली, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “ते अर्ध्या तिकिटाचं हितं कुनाला बोलू नगंस, लेकरा. मी हितं सांगितलंय, माहेरानं बोलावलं म्हून.”

मी मान हलवली. दिवसभरात तिनं माझ्याकडं मागितलं ते एवढंच.